पुण्याचे काका, पंजाबचे राज्यपाल

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



1957 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याने काकासाहेब गाडगीळांना घरी बसवले. पुढच्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1958 रोजी, ते पंजाबचे राज्यपाल झाले. ज्याला मतदारांनी नाकारले त्याची राजभवनात सोय लागते, हे तेव्हाही लोकांना खटकत असे आणि आजही खटकते. इतकी वर्षे राज्यशास्त्र शिकवताना दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी मला विचारायचा, "सर, राज्यपाल म्हणजे निवृत्तीची सोयच ना?" मी कलमांचे आकडे सांगून वेळ मारून नेत असे. त्या विद्यार्थ्यांचे उत्तर माझ्याकडे राहून गेले आहे. ते आज तुमच्यासमोर द्यायचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ या एकाच माणसाची वाट धरतो.

काकासाहेबांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा, माळव्यातल्या मल्हारगडचा. शिक्षण मात्र पुण्याचे. 1918 साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, 1920 साली कायद्याची पदवी घेतली आणि त्याच वर्षी काँग्रेसमध्ये शिरले. वकिली करून सुखात राहता आले असते. त्याऐवजी त्यांच्या वाट्याला आठ वेळा तुरुंग आला. 1934 साली ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. 1937 ते 1945 या काळात महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट मला पदांच्या यादीत सापडत नाही. ती आहे केशवराव जेधे यांच्याशी त्यांनी जोडलेली मैत्री. तेव्हाच्या पुण्यात ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर या दोन बाजू एकमेकींचे तोंड पाहायला तयार नव्हत्या. काँग्रेस म्हणजे शहरी पांढरपेशांचा पक्ष आणि जेधे म्हणजे सत्यशोधकी, ब्राह्मणेतर चळवळीचा आवाज. गाडगीळांनी जेध्यांना काँग्रेसमध्ये आणले, आणि त्यांच्यामागून बहुजन समाज, खेड्यातला शेतकरी काँग्रेसकडे वळला. गाडगीळ-जेधे ही जोडी महाराष्ट्राच्या काँग्रेसचा चेहरा झाली. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जेधे शेतकरी कामगार पक्षात गेले आणि नंतर परतही आले. पण समोरच्या गटातल्या माणसाचे म्हणणे त्याच्या उंबऱ्यात जाऊन ऐकायचे, ही सवय काकासाहेबांना या काळात लागली. ती लक्षात ठेवा. पंजाबात तीच त्यांच्या कामी आली, असे मी पुढे म्हणणार आहे.

15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र भारताचे पहिले मंत्रिमंडळ झाले. त्यात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती काकासाहेबांकडे आली. फाळणीने देशाचे रस्ते, कालवे, रेल्वे सगळे मधोमध कापले गेले होते. जम्मूला जाणारी नेहमीची वाट सियालकोटवरून होती, आणि सियालकोट पाकिस्तानात गेले होते. काश्मीरवर टोळीवाले चालून आले तेव्हा पठाणकोटहून जम्मूपर्यंत सैन्याची जड वाहने नेता येतील असा रस्ताच भारताकडे नव्हता. मध्ये ओढे, नाले आणि नद्या. तो रस्ता बांधण्याची जबाबदारी सरदार पटेलांनी गाडगीळांच्या खात्यावर टाकली. राजस्थानातून मजूर आणले गेले, रात्री दिवे लावून काम चालले, आणि काही महिन्यांत रस्ता उभा राहिला. नकाशावर ही एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेवरून जम्मू-काश्मीरला रसद गेली.

वीज आणि पाणी याबाबतही तेच. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक त्यांनी मांडले. ज्या 1948 च्या कायद्यातून पुढे राज्याराज्यांची वीज मंडळे उभी राहिली, तो त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातला. हिराकुड, भाक्रा ही नावे देशाच्या तोंडी बसण्याआधी त्यांच्या टेबलावरच्या फायलींवर होती. नोव्हेंबर 1947 मध्ये पटेलांबरोबर ते जुनागडला गेले. सोमनाथचे भग्न मंदिर पाहून ते पुन्हा उभारावे ही कल्पना त्यांनी पटेलांपुढे ठेवली, आणि पटेलांनी तिथेच तसे जाहीर केले. ते पटेलांच्या विश्वासातले मंत्री होते. डिसेंबर 1950 मध्ये पटेल गेले, आणि 1952 च्या निवडणुकीनंतरच्या मंत्रिमंडळात काकासाहेब नव्हते. पुणे मध्य मतदारसंघाचे खासदार म्हणून ते लोकसभेत बसले.

आता येतो तो प्रश्न, ज्याने त्यांचे राजकीय आयुष्य मधोमध मोडले. भाषावार प्रांतरचना.

राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली अहवाल दिला: विदर्भ वेगळा, आणि बाकीचा मराठी व गुजराती मुलूख मिळून मुंबईचे द्वैभाषिक. मराठी माणसाला मुंबईसह एकसंध महाराष्ट्र हवा होता. काकासाहेब काँग्रेसचे, पण या प्रश्नावर ते गप्प राहिले नाहीत. 1955 च्या अखेरीस त्यांनी लोकसभेत स्पष्ट सांगितले की तडजोडीला मर्यादा असते, आणि मुंबईचे भवितव्य शेवटी मुंबईच्या रस्त्यावर ठरेल. 16 जानेवारी 1956 रोजी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे नेहरूंनी जाहीर केले, आणि रस्त्यावर गोळ्या चालल्या. फ्लोरा फाउंटनला आज हुतात्मा चौक का म्हणतात, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

मुंबई केंद्रशासित करण्याऐवजी 1 नोव्हेंबर 1956 पासून मोठे द्वैभाषिक राज्य आले. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. काकासाहेब काँग्रेसच्या तिकिटावर पुण्यातून उभे होते. समोर समितीचे नानासाहेब गोरे. पुण्याने गोऱ्यांना निवडले. थोडे थांबून विचार करा. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मतदारांनी, संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या माणसाला हरवले होते. मतदारांचे चुकले, असे मी म्हणणार नाही. ज्या पक्षाने मुंबई नाकारली त्या पक्षाची निशाणी घेऊन ते उभे होते, आणि मतपेटीत निशाणी पडते. पण बासष्टीच्या घरातल्या त्या माणसाच्या मनाला काय वाटले असेल? दिल्लीने त्यांचे ऐकले नाही म्हणून पुणे रागावले, आणि तो राग त्यांच्यावरच निघाला.

अशा वेळी दिल्लीहून राज्यपालपद आले. कुठले? तर चंदीगडचे. आणि पंजाबात त्या वेळी कोणता प्रश्न पेटलेला होता? भाषावार प्रांतरचनेचाच.

श्रोतेहो, माझ्या मते त्यांच्या राजकीय आयुष्याचा गाभा इथे आहे. जो प्रश्न स्वतःच्या घरात त्यांनी उराशी धरला होता, तोच प्रश्न दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या वेदनेसह त्यांच्यापुढे उभा राहिला. फरक एवढाच की आता त्यांना त्यावर बोलायची मुभा नव्हती.

पंजाबची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1956 साली पेप्सू हे संस्थानी राज्य पंजाबात विलीन झाले. अकाली दल या शिखांच्या पक्षाला पंजाबी भाषकांचे राज्य, म्हणजे पंजाबी सुभा हवा होता. पुनर्रचना आयोगाने तो नाकारला होता. मधला तोडगा म्हणून प्रादेशिक सूत्र निघाले: राज्याचे पंजाबी विभाग आणि हिंदी विभाग असे दोन भाग, आणि विधानसभेच्या दोन प्रादेशिक समित्या. त्यासाठी घटनेच्या 371 व्या कलमात दुरुस्ती झाली. त्या कलमाचा पहिला भाग आंध्र आणि पंजाबच्या प्रादेशिक समित्यांसाठी, आणि लगेच पुढचा दुसरा भाग मुंबई राज्यातल्या विदर्भ, मराठवाडा आणि इतर विभागांसाठी. दोन्हींत राज्यपालावर विशेष जबाबदारी. म्हणजे मराठी माणसाच्या मनातली धाकधूक आणि पंजाबी माणसाच्या मनातली धाकधूक एकाच कलमात शेजारी शेजारी लिहिलेली होती. आपल्याकडे वैधानिक विकास मंडळे आली ती त्या दुसऱ्या भागातून, 1994 साली. पंजाबच्या सूत्रात तर समिती आणि सरकार यांचे पटले नाही तर अखेरचा शब्द राज्यपालाचा, अशी योजना होती. कागदावर हा मोठा अधिकार. प्रत्यक्षात त्या समित्यांनी कधी जोर धरला नाही, आणि राज्याचा गाडा मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांच्या हातात घट्ट राहिला.

राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, हे घटनेचे 163 वे कलम सांगते. त्याचा अर्थ पुस्तकात वाचून कळत नाही. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणला की कळतो. विधिमंडळाचे वर्षातले पहिले अधिवेशन. दोन्ही सभागृहांचे सदस्य एकत्र बसलेले. राज्यपाल उभे राहतात आणि भाषण वाचतात. "माझे शासन" असे म्हणतात, पण त्यातला एकही शब्द त्यांचा नसतो. मंत्रिमंडळाने तो लिहून दिलेला असतो. आता तिथे काकासाहेबांना उभे करा. हा माणूस मराठीतला नावाजलेला वक्ता. वक्तृत्वशास्त्र या विषयावर ज्याने पुस्तक लिहिले, तो दर वर्षी दुसऱ्याने लिहिलेले भाषण वाचतो, आणि सभागृहाला ठाऊक असते की हे शब्द यांचे नाहीत. या पदाची शिस्त इतकी कडक आहे. ती पाळताना माणसाला आतून काय सोसावे लागते, याचा आपण विचार करत नाही.

मग 1960 उजाडले. 1 मे रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. शिवाजी पार्कपासून गावागावांपर्यंत दिवे लागले. त्याच मे महिन्यात पंजाबात सुभ्याचा मोर्चा पुन्हा पेटला, अकाली नेते मास्टर तारासिंग तुरुंगात गेले आणि त्यांच्यामागून हजारो अकाली. वर्षअखेरीस दुसरे अकाली नेते संत फतेहसिंग यांचे उपोषण सुरू झाले, ते जानेवारी 1961 मध्ये सुटले. 15 ऑगस्ट 1961 ला तारासिंग स्वतः अमृतसरला उपोषणाला बसले आणि ते 48 दिवस चालले. एका राज्याच्या जन्माचा आनंद दुरून पाहायचा आणि दुसऱ्या राज्याची मागणी उपोषणाच्या खाटेवर पडलेली जवळून पाहायची, हे त्या दीड वर्षात राजभवनातल्या एका मराठी माणसाच्या वाट्याला आले.

त्या काळात त्यांनी केलेले एक काम माझ्या दृष्टीने त्यांच्या राज्यपालपदाचे सार आहे. त्यांनी शिखांचा इतिहास लिहिला, आणि तो मराठीत लिहिला.

हे पुस्तक मी प्रथम हाती घेतले ते एका जिल्हा ग्रंथालयात. मी तेव्हा शिकवायला नुकताच लागलो होतो. राज्यपालाचे पुस्तक म्हणजे भाषणांचे बाड असेल असे समजून चाळायला घेतले आणि उभ्याउभ्याच वाचत राहिलो. मला वाटले होते, मला शिखांविषयी माहिती आहे. पगडी, कृपाण, सैन्य, ट्रकचालक. माझी माहिती एवढीच होती हे त्या दुपारी कळले. आपल्याच देशातल्या एका समाजाचा इतिहास मला माझ्या भाषेत मिळाला, तो एका राज्यपालाने आपल्या अनुभवातून आणून दिला म्हणून.

आणि हे नाते परके थोडेच होते? आपले नामदेव पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो 1708 साली नांदेडला, गोदावरीच्या काठी. पंढरपूरहून निघालेली वाट पंजाबात पोचते आणि आनंदपूरहून निघालेली वाट नांदेडला येते. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झाले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ही वाट नव्याने आठवली. काकासाहेब त्या वाटेने पन्नासेक वर्षे आधी जाऊन आले होते, आणि येताना रिकाम्या हाताने आले नव्हते. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी "पथिक" हे नाव दिले, ते मला उगाच वाटत नाही.

जेध्यांच्या उंबऱ्यात जाणारा गाडगीळ आणि शिखांचा इतिहास लिहिणारा गाडगीळ, हा एकच माणूस आहे. समोरच्याचे दुःख आपल्याला पसंत पडो न पडो, ते मुळापासून समजून घ्यायचे; सत्ता असली तर त्यावर काही करायचे, आणि सत्ता नसली तर निदान ते आपल्या माणसांना समजावून सांगायचे.

1 ऑक्टोबर 1962 ला ते राज्यपालपदावरून उतरले. त्याच वर्षी सातारच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1964 साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या शहराने त्यांना हरवले, त्याच शहराच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी आपली अखेरची वर्षे दिली. 11 जानेवारी 1966 च्या पहाटे ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले. सारा देश त्या दुःखात असताना, दुसऱ्याच दिवशी काकासाहेब गेले. सत्तरी पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला पंजाबची फेररचना झाली. पंजाबी सुभा अस्तित्वात आला, हरयाणा वेगळा झाला. जे आपल्या डोळ्यांसमोर धुमसत राहिले त्याचा निकाल पाहायला ते उरले नाहीत.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने 1988 मध्ये राज्यपाल कसा असावा हे सांगितले. जीवनाच्या एखाद्या क्षेत्रात नाव मिळवलेला असावा. त्या राज्याबाहेरचा असावा. स्थानिक राजकारणात गुंतलेला नसावा. आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फार भाग घेतलेला नसावा. या कसोट्या मला मान्य आहेत. पण त्या लावल्या तर काकासाहेब पहिल्या तिन्हींत उतरतात आणि चौथीत नापास होतात. आदल्याच वर्षी तर ते निवडणूक लढले होते! मग त्यांना पाठवायला नको होते का?

नियम म्हणून पाहिले तर आयोगाचे बरोबर आहे. हरलेल्या पुढाऱ्याला राजभवनात पाठवण्याची प्रथा वाईटच, कारण अशा माणसाच्या मनात नेमणूक करणाऱ्याचे ऋण असते, आणि राष्ट्रपतींची मर्जी असेल तोवरच पद असल्यामुळे ते ऋण रोज आठवत राहते. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावून सांगितले की राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नाही. हे न्यायालयाला सांगावे लागले, यातच रोग कळतो. तेव्हा काकासाहेबांचे उदाहरण देऊन मी त्या प्रथेचे समर्थन करत नाही. मी एवढेच म्हणतो, की कसोट्या लावूनही एक गोष्ट मोजायची राहते. राज्यपाल त्या राज्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? बंदोबस्ताला आलेल्या अधिकाऱ्याच्या, की शिकायला आलेल्या पाहुण्याच्या? राज्यपालाची सत्ता थोडी आणि वेळ पुष्कळ. त्या वेळाचे तो काय करतो, त्यावर त्याची खरी परीक्षा घ्या. पद सोडताना त्याला त्या राज्याची भाषा किती येत होती? त्याने तिथल्या किती गोष्टी आपल्या मुलखात नेऊन सांगितल्या? आपल्या मुंबईच्या राजभवनात आजवर किती राज्यपाल आले आणि गेले. त्यांच्यापैकी किती जणांनी मराठी समजून घेतली, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आणि आपल्या मराठी माणसांनी इतर राज्यांच्या राजभवनांत जाऊन काय केले, हाही.

काही वर्षांपूर्वी मी चंदीगडला गेलो होतो. ल कॉर्ब्युझिएने आखलेला तिथला कॅपिटॉल परिसर पाहायला परवानगी लागते. सकाळी आठ-दहा जणांच्या टोळक्याबरोबर मी आत गेलो. एका बाजूला उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला विधानसभा, तिच्यामागे लांबच लांब सचिवालय. या तिन्हींच्या माथ्यावर, शिवालिकच्या डोंगरांकडे तोंड करून, मूळ आराखड्यात चौथी इमारत होती, राज्यपालाचा प्रासाद. ती बांधली गेली नाही. लोकशाहीत न्यायालय आणि विधानसभा यांच्या डोक्यावर राज्यपालाचा महाल शोभत नाही, असे नेहरूंना वाटले. आजही ती जागा मोकळी आहे. भोवती काँक्रीट, मधे पाण्याचे कुंड, गवत, आणि समोर थेट डोंगर.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आमच्या टोळक्यातल्या एका शीख आजोबांनी विचारले, "इथे काय पाहताय? इथे काहीच नाही." मी म्हटले, "आमच्या पुण्याचे एक गृहस्थ तुमचे राज्यपाल होते." त्यांनी नाव विचारले, मी सांगितले. नाव त्यांच्या ओळखीचे नव्हते. मग मी म्हटले, त्यांनी तुमच्या गुरूंचा इतिहास आमच्या भाषेत लिहिला. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, आणि हात जोडून म्हणाले, "मग ते आमचेच होते."

महाल नसलेल्या त्या जागेवर मला माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर मिळाले. आज तो इथे असता तर त्याला मी सांगितले असते, की राज्यपालाने मागे ठेवायचे ते हेच: चार परक्या माणसांनी "ते आमचेच होते" म्हणावे एवढे काम.